अल्पपरिचित स्थळांचे दर्शन : सोलापूर जिल्ह्यातील काही स्थळांच्या आधारे एक विचार

‘प्रेक्षणीय’ या शब्दाचा मूळ अर्थ पाहण्यास योग्य असा आहे. व्यवहारात मात्र, पाहण्याची वहिवाट पडलेले ते प्रेक्षणीय, असा त्याचा अर्थ होऊन बसला आहे. एखाद्या स्थळी पुष्कळ लोक जातात म्हणून ते मार्गदर्शक पुस्तिकेत छापले जाते, आणि पुस्तिकेत छापलेले आहे म्हणून आणखी लोक तेथे जातात. या चक्राबाहेर जी स्थळे राहून जातात त्यांना ‘अल्पपरिचित’ म्हणण्याचा प्रघात आहे. हे विशेषण त्या स्थळाच्या गुणावगुणांविषयी काहीच सांगत नाही. ते पाहणाऱ्याविषयी, त्याच्या वाटेविषयी आणि त्याला अवगत असलेल्या भाषेविषयी सांगते. सोलापूर जिल्ह्यातील काही स्थळांच्या आधाराने या अल्पपरिचयाची कारणे कोणती आणि त्या स्थळांच्या स्थितीवर त्याचा काय परिणाम झाला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सोलापूर शहरातून वर्षभर वाहणारा प्रवाशांचा ओघ मोठा आहे. परंतु तो बहुतांशी सोलापुरासाठी येत नाही. पश्चिमेस पंढरपूर, उत्तरेस धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर आणि आग्नेयेस अक्कलकोट या तीन क्षेत्रांचा एक त्रिकोण झालेला असून सोलापूर हे त्याच्या मध्याजवळचे वाहन बदलण्याचे ठिकाण होय. हा त्रिकोण पुरा करून पुष्कळ यात्रेकरू पुढे कर्नाटकातील गाणगापुरास जातात. दोन दिवसांत तीन देवदर्शने, क्वचित चार, असा या प्रवासाचा हिशेब असतो. त्या हिशेबात वाट वाकडी करण्यास जागा नाही, आणि यात्रेकरूस त्याबद्दल दोष देण्याचेही कारण नाही. तो दर्शनास निघालेला असतो, पाहणीस नव्हे.

अशाच एका त्रिकोणाचे नामांकित उदाहरण श्रीलंकेत आढळते. अनुराधपूर, पोलोन्नरुव व कँडी या तीन जुन्या राजधान्यांमधील भूभाग १९८० च्या सुमारास युनेस्कोच्या साहाय्याने ‘सांस्कृतिक त्रिकोण’ म्हणून जतनाच्या कार्यासाठी निवडण्यात आला. तेथील अवशेषांचे जतन झाले हा मोठाच लाभ होय. परंतु त्याबरोबर पर्यटकाची वाटही ठरून गेली. रितिगल या डोंगरावर अरण्यवासी भिक्षूंच्या विहाराचे दगडी अवशेष आहेत. डोंगर त्या त्रिकोणाच्या आतच आहे. असे असूनही सिगिरियाच्या खडकावर चढणाऱ्या गर्दीच्या मानाने रितिगलकडे वळणारे फारच थोडे. चोहोबाजूंनी समुद्राने वेढलेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिवसाभरात जाता येणाऱ्या बेटावर जर ही स्थिती असेल, तर स्थळ दूर असते म्हणून अपरिचित राहते, ही समजूत तपासून पाहणे अवश्य ठरते. सोलापूर जिल्ह्याचा अनुभवही त्याच दिशेने जातो. येथील पुष्कळशी अल्पपरिचित स्थळे मळलेल्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर आहेत. एक तर प्रत्यक्ष वाटेवरच आहे. तेथे वर्षातून एकदा लाखो माणसांचा मुक्काम पडतो.

या सर्वांत विचारास अधिक सामग्री पुरविणारे स्थळ म्हणजे हत्तरसंग कुडल. दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, सीना नदी भीमेस मिळते त्या ठिकाणी ते वसले आहे. नदीच्या पलीकडे कर्नाटक राज्य लागते. कन्नड भाषेत ‘कूडल’ म्हणजेच संगम. तेव्हा ‘कुडल संगम’ असे म्हणणारा मराठी माणूस एकच गोष्ट दोन भाषांत सांगत असतो. संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन शिवालये आहेत. त्यांपैकी हरिहरेश्वराचे मंदिर दीर्घकाळ मातीच्या व दगडांच्या ढिगाऱ्याखाली होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो ढिगारा उपसला गेला, तेव्हा आतून एक विलक्षण शिवलिंग मिळाले. त्याच्या अंगावर ओळीने कोरलेली शिवाची मुखे आहेत आणि त्यांची संख्या ३५९ भरते. लिंग स्वतः एक धरून ३६० होतात. त्यावरून वर्षाच्या दिवसांशी त्याचा संबंध जोडण्यात येतो. हा तर्क आकर्षक असला तरी त्याला लेखी आधार हवा, तो उपलब्ध होईपर्यंत तो तर्क म्हणूनच सांगितला जाणे योग्य. लिंगाचे मोल त्या तर्कावर अवलंबून नाही. चतुर्मुख, पंचमुख लिंगे भारतात अनेक ठिकाणी सापडतात. शेकडो मुखांच्या लिंगाला तोड मिळणे कठीण.

संगमेश्वर मंदिरातील एका तुळईवर एक लहानसा लेख आहे. त्याच्या आरंभी शके ९४० या वर्षाचा निर्देश असून इसवी सनाच्या गणनेने ते १०१८ येते. तो काळ कल्याणीच्या चालुक्यांपैकी दुसऱ्या जयसिंहाच्या राजवटीचा होय. आरंभीची शब्दरचना संस्कृत वळणाची आहे. अखेरीस मात्र एक मराठी वाक्य येते, आणि त्याचा आशय असा की, जो हे वाचील तो विजयी होईल. लेखाचे महत्त्व ओळखून त्याचे वाचन पुढे आणण्याचे श्रेय सोलापूरचे शिलालेखाभ्यासक आनंद कुंभार यांच्याकडे जाते. विद्यापीठीय पदाच्या बाहेर राहून, गावोगाव पायपीट करून, देवळांच्या भिंती व शेतांचे बांध धुंडाळून त्यांनी जिल्ह्यातील लेख गोळा केले. धारवाडचे श्रीनिवास रित्ती यांच्यासमवेत सोलापूर जिल्ह्यातील शिलालेखांचे संकलनही प्रसिद्ध केले. ज्या संकलनामुळे हा जिल्हा अभ्यासकांच्या नकाशावर आला, त्याचा आरंभ एका माणसाच्या रविवारच्या भटकंतीसारख्या वाटणाऱ्या उद्योगात आहे, ही गोष्ट पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

मराठीतील आद्य लेख कोणता, या प्रश्नाच्या चर्चेत श्रवणबेळगोळ, रायगड जिल्ह्यातील अक्षी आणि कुडल अशी तीन नावे येतात. त्यांच्या कालनिश्चितीविषयी विद्वानांत एकमत नाही. प्रवासी पुस्तिकेला मात्र एकमताची आवश्यकता भासत नाही. ‘पहिला’ हा एक शब्द तिला पुरतो. कुडलकडे आज जे थोडेबहुत लोक वळतात ते या एका शब्दाच्या ओढीने वळतात. त्यात गैर काही नाही. पण त्या ओढीने लेखातील खरी विशेषता झाकोळते. ज्या प्रदेशातील तत्कालीन लेख बहुसंख्येने कन्नड व संस्कृत भाषांतील आहेत, त्या प्रदेशातल्या एका तुळईवर लेखक शेवटी मराठीकडे वळतो, आणि तेही केव्हा, तर वाचणाऱ्याला उद्देशून बोलावयाचे असते तेव्हा. दान, राजा, संवत्सर यांसाठी एक भाषा आणि समोरच्या माणसासाठी दुसरी, असा हा व्यवहार असावा. हे अनुमान आहे; पण शिलालेखाच्या पहिलेपणाच्या वादापेक्षा या अनुमानाची तपासणी अधिक फलदायी ठरेल. शेजारच्या गावांतील मिश्रभाषी लेख एकत्र ठेवून पाहिले तर ती करता येण्यासारखीही आहे.

येथे अल्पपरिचयाचे एक कारण स्पष्ट होते. कुडलचे देऊळ कधीही हरवलेले नव्हते. संगमावर स्नान करणारे, अमावास्येला नदीवर येणारे, आसपासच्या गावांतील कन्नड व मराठी बोलणारे शेतकरी यांना ते ठाऊकच होते. तुळईखाली बसून त्यांच्या कित्येक पिढ्यांनी विसावा घेतला असेल. वाचणाऱ्यास विजयाचे आश्वासन देणारे अक्षर त्यांच्या डोक्यावर होते आणि ते वाचणारा मात्र नव्हता. सोलापूर हा दुभाषी प्रदेश असल्याने हे असे होणे स्वाभाविक होते. जिल्ह्यातील जुने लेख पुष्कळ अंशी हळेगन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात आहेत. मराठी इतिहासाचा अभ्यासक यादवांपासून पुढे सुरुवात करतो, तर कर्नाटकातील अभ्यासकाच्या दृष्टीने हा मुलूख राज्याच्या सीमेपलीकडचा. दोन्ही अभ्यासपरंपरांच्या मधल्या पट्ट्यात जी स्थळे पडली ती दोघांनाही अर्धवट दिसली.

आता याच्या अगदी उलट उदाहरण घेऊ. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील ‘चौऱ्यांशीचा लेख’ शके ११९५ ते ११९९ या काळातील, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ मधील आहे. मंदिरास भक्तांनी दिलेल्या देणग्यांची ती नोंद असून रामचंद्र यादव व त्याचा करणाधिप हेमाद्री यांचाही निर्देश तीत आहे. विठ्ठलसंप्रदायाच्या इतिहासाचे इतके महत्त्वाचे साधन क्वचितच दुसरे असेल. परंतु या शिळेवर पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा रूढ झाली आणि असंख्य पाठींच्या घर्षणाने लेखाची अक्षरे झिजली. कुडलचा लेख कोणी पाहिला नाही म्हणून अज्ञात राहिला. पंढरपूरचा लेख सर्वांनी स्पर्श केला म्हणून पुसट झाला. दोन्ही ठिकाणी लेख वाचला गेला नाही, एवढे साम्य आहे. फरक असा की, कुडलला उशिरा का होईना वाचन शक्य झाले, कारण अक्षर शाबूत होते. अल्पपरिचय हा नेहमी तोटाच असतो असे जे गृहीत धरले जाते, त्यास या तुलनेने छेद जातो.

प्रत्यक्ष वाटेवर असूनही न पाहिले जाणारे स्थळ असा उल्लेख वर आला, ते स्थळ म्हणजे माळशिरस तालुक्यातील वेळापूर. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस असे मुक्काम करीत आषाढ शुद्ध पक्षाच्या आरंभीच्या दिवसांत वेळापुरास येते. गावाजवळच्या उंचवट्यावरून वारकरी धावत सुटतात. पंढरी जवळ आल्याच्या आनंदाचा हा ‘धावा’ प्रसिद्ध आहे. एवढ्या मोठ्या समुदायाचा ज्या गावी मुक्काम, त्या गावी अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर आहे. त्याच्या परिसरात वीरगळ आहेत आणि रामचंद्र यादवाच्या काळातील मराठी शिलालेख आहेत. म्हणजे पंढरपूरच्या लेखानंतर अवघ्या एका पिढीच्या अंतराने कोरलेले मराठी अक्षर वारीच्या मुक्कामावर उभे आहे. गावकऱ्यांचा देव जागता आहे, पूजा-अर्चा नित्य चालते, महाशिवरात्रीस यात्रा भरते. परंतु मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने वेळापूरचे नाव ऐकलेले असते ते पालखीच्या वेळापत्रकात. लेखसंग्रहातील वेळापूर आणि वेळापत्रकातील वेळापूर ही एकच जागा आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. पालखी थांबते ती तंबूंच्या माळावर, आणि पहाटे पुढे चालू लागते. वाट ही दाखविते तशी झाकतेही.

वाटांचा इतिहास हा या विषयाचा कणाच होय. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग पुण्याकडून १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला. तोवर या मुलखातील दळणवळण नदीचे उतार, घाट आणि बाजारपेठा यांना धरून चालत असे. लोहमार्गाने सरळ रेषा पसंत केली. कुर्डुवाडी, मोहोळ, सोलापूर ही स्थानके पुढे आली आणि भीमाकाठची गावे मागे पडली. १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड काल्थ्रॉप या अभियंत्याच्या कल्पकतेचा हा नमुना पुढे १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास व १९२७ मध्ये मिरजेस जाऊन मिळाला. यात्रेकरूस ही सोय अमोल होती. तथापि पंढरपुरास जाण्यासाठी ज्याला पूर्वी चार नद्या-नाले उतरून आठ गावे पाहावी लागत, तो आता डब्यात बसून एका दमात पंढरपुरास पोहोचू लागला. आजच्या महामार्गांनी त्याच रेषा अधिक रुंद केल्या आहेत. बार्शी लाइटचे अरुंद रूळही आता राहिले नाहीत, त्यांच्या जागी रुंद मार्ग झाला.

मागे पडलेल्या भीमाकाठाचे उत्तम उदाहरण म्हणजे मंगळवेढे तालुक्यातील माचणूर. सोलापूर-मंगळवेढे रस्त्यावर भीमेचा पूल ओलांडला की गाव लागते. नदीकाठी सिद्धेश्वराचे मंदिर, पायऱ्यांचा घाट आणि त्यालगत मोगलांनी बांधलेला किल्ला अशी येथली रचना आहे. आज किल्ल्याच्या भिंतींतून दिसते ती संथ नदी व पलीकडचा ऊस. परंतु मे १६९५ पासून ऑक्टोबर १६९९ पर्यंत हिंदुस्थानच्या बादशहाचा तळ या परिसरात, लगतच्या ब्रह्मपुरी येथे पडलेला होता. औरंगजेबाने ब्रह्मपुरीचे नाव इस्लामपुरी असे ठेवले. काबूलपासून जिंजीपर्यंतच्या राज्याचे हुकूम सुमारे साडेचार वर्षे भीमेच्या या वळणावरून सुटत होते. जिंजी पडल्याची वार्ता १६९८ मध्ये येथेच आली असली पाहिजे. शाहू व येसूबाई हे १६८९ पासून बादशाही छावणीबरोबर होते, तेव्हा भावी छत्रपतीच्या बाळपणातील काही वर्षे या माळावर गेली असे मानण्यास हरकत नाही. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेस आलेल्या महापुराने छावणीची मोठी हानी झाली. पुढे सातारा, परळी इत्यादी गड घेण्यासाठी बादशहा स्वतः निघाला तो येथूनच. नदीपलीकडील गावाचे बेगमपूर हे नावही त्याच काळाची आठवण ठेवून आहे.

माचणूरला पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर देणे थोडे अवघड जाते. दौलताबादसारखी तटबंदी नाही, विजापूरसारखा घुमट नाही. कापडी नगर उठले की मागे काय राहावयाचे? येथे जे पाहावयाचे ते जमिनीची ठेवण : एवढ्या मोठ्या सैन्यास पाणी कोठून, वैरण कोठून, शत्रू कोणत्या अंगाने येणार, पूर कोठवर चढणार. मंगळवेढ्याची खोल काळी जमीन आजही मालदांडी ज्वारीसाठी नावाजलेली आहे. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या जमिनीत पावसाने दगा दिला तरी ओलाव्यावर ज्वारी येते, त्या जमिनीच्या कडेला घोड्यांचा तळ पडावा यात आश्चर्य नाही. इतिहासाचा विद्यार्थी नकाशा हातात घेऊन माचणूरच्या घाटावर तासभर बसला तर बखरीतील आणि अखबारांतील अनेक वाक्ये त्याला निराळी लागतील. ज्याने ती वाक्ये वाचलेली नाहीत त्याच्यासाठी ते एक रम्य नदीकाठचे देऊळ आहे, आणि तेही काही कमी नाही.

काही स्थळे तिथीने प्रकट होतात. सोलापूर शहरात बाराव्या शतकातील शिवशरण सिद्धरामेश्वरांनी अडुसष्ट लिंगांची स्थापना केली अशी परंपरा आहे. सरोवराच्या मध्यभागी असलेले सिद्धेश्वरमंदिर सर्वपरिचित आहे. अडुसष्ट लिंगे मात्र शहराच्या निरनिराळ्या भागांत, गल्लीबोळांत, जुन्या वेशींच्या आसपास विखुरलेली आहेत. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत उंच नंदीध्वज खांद्यावर व कमरेच्या पट्ट्यावर तोलून धरून भक्तगण या लिंगांना प्रदक्षिणा घालतात, त्यांना तैलाभिषेक होतो. त्या दिवशी एरव्ही न दिसणारे शहर दिसते. पर्यटनखात्याने आखलेल्या कोणत्याही फेरीपेक्षा ही फेरी जुनी आहे आणि तिची रचनाही अधिक चांगली आहे. कारण लहान स्थळाला मोठ्या स्थळाशी पायी चालण्याने जोडून ठेवण्याची युक्ती तिने साधली आहे. एखादे लिंग दुकानाच्या पायरीशी आले, एखादे नव्या इमारतीच्या कुंपणात गेले, तरी नंदीध्वज तेथे यावयाचाच असल्याने त्याची जागा मोडता येत नाही. नोंदवहीचे काम येथे वहिवाटच करते. सोलापूरचा भुईकोट किल्ला शहराच्या मध्यावर असूनही या दृष्टीने अधिक पोरका आहे. निजामशाही व आदिलशाही यांच्यात विवाहसंबंधाच्या निमित्ताने आंदण म्हणून ज्याच्या मागणीवरून लढाया झाल्या, आणि १८१८ च्या मे महिन्यात जो मन्रोने घेतला, त्या किल्ल्यात संध्याकाळी फिरावयास जाणाऱ्यांची कमी नाही. आतील जुन्या देवळाचे खांब निरखून पाहणारे थोडे.

सर्वच स्थळे दगडी नसतात. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात धरण्यात आले होते. गावे, शेते, शहरांचे भागही त्यात आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, आणि पक्ष्याविषयी लोकांच्या मनात कटुता निर्माण झाली. पुढे न्यायालयीन प्रक्रियेनंतर हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. दरम्यान माळढोक जवळजवळ नाहीसा झाला. मादी वर्षाला सामान्यतः एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर; कुत्री, गुरे, उसाचे वाढते क्षेत्र आणि विजेच्या तारा यांपुढे अशा पक्ष्याचा निभाव लागणे कठीण. देशात आज दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असावेत असा अंदाज असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

तेव्हा नान्नजला जाणाऱ्याने काय पाहावे? काळविटांचे कळप, लांडगा, खोकड, धाविक, आणि कुसळी व पवन्या गवताचा वाऱ्यावर हलणारा माळ. माळ ही स्वतंत्र प्रेक्षणीय वस्तू आहे हे मराठी मनाला अजून पटलेले नाही. महसुली भाषेत तो ‘पडीक’. सदिच्छेने प्रेरित झालेल्यांच्या भाषेत ‘उजाड’, म्हणून त्यावर झाडे लावावयाची. गवताळ माळावर घनदाट वृक्षारोपण करणे म्हणजे माळढोकाला हुसकावून लावणेच होय, ही साधी गोष्ट समजण्यास फार उशीर झाला. देवळाला रंग देणारी आणि माळावर झाडे लावणारी, दोन्ही माणसे स्थळाच्या प्रेमानेच ते करीत असतात.

उरलेल्या काही स्थळांचा धावता निर्देश पुरे. करमाळ्याचे कमलाभवानीचे मंदिर रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात उभारले. त्याची गोपुरे दक्षिणी धाटणीची असून तेथील रचनेत शहाण्णव ही संख्या पुनःपुन्हा साधली आहे असे सांगतात. ही मोजणी एखाद्या विद्यार्थ्याने चुन्याचा खडू घेऊन एकदाची करून टाकावी. बार्शीचा भगवंत परिसरातील एकादशी करणाऱ्यांस परिचित आहे, बाहेर नाही. अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या दर्शनाची रांग लांब असते, तर संस्थानच्या शस्त्रागारात शांतता असते. उजनी धरणाच्या जलाशयात १९८० च्या सुमारास बुडालेली गावे व देवळे हा एक वेगळाच विषय आहे. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने देवालय पाणी ओसरले की उघडे पडते, आणि ज्या वर्षी दुष्काळ त्या वर्षी तेथे पाहणाऱ्यांची गर्दी, असा विचित्र योग जुळून येतो. हिवाळ्यात त्याच जलाशयाच्या उथळ काठांवर रोहित पक्षी उतरतात.

या स्थळांना प्रसिद्धी द्यावी की देऊ नये, असा प्रश्न वरचेवर विचारला जातो. प्रश्न अशा रीतीने मांडणे फारसे उपयोगाचे नाही, कारण प्रसिद्धी आता कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. कुडलला रस्ता झाला आहे आणि वाहने येऊ लागली आहेत. विचार करावयाचा तो क्रमाचा. जिल्ह्यातील बहुतेक जुन्या देवळांत गेल्या काही दशकांत जीर्णोद्धार झाले. तैलरंगाचे थर, गुळगुळीत फरशा, सिमेंटचे गिलावे, वाळूच्या झोताने घासलेले खांब, असे त्याचे स्वरूप आहे. यांपैकी वाळूचा झोत सर्वांत घातक. तैलरंग निदान काळजीपूर्वक काढता येतो, घासलेले अक्षर परत येत नाही. हे सारे गावकऱ्यांच्या वर्गणीतून, श्रद्धेने होते, आणि स्थळाला ‘प्रेक्षणीय’ करावयाच्या उत्साहात अधिकच जोमाने होते. पाहुणे येणार म्हटल्यावर घर सारवावे तसे देऊळ सारवले जाते. म्हणून पाहुण्यांच्या आधी नोंद करणारा पोहोचला पाहिजे.

ही नोंद करण्यास मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत, आणि विद्यापीठात शिकणारे विद्यार्थी बहुधा त्याच तालुक्यांतून आलेले असतात. ज्याला स्वतःच्या गावच्या पारावरचा वीरगळ लहानपणापासून ठाऊक आहे, त्याने त्याची जागा, तोंड कोणत्या दिशेस, कोरीव कामाचे थर किती, लेख असल्यास ओळी किती, आणि गावकरी त्याला कोणत्या नावाने ओळखतात, एवढे टिपले तरी काम सुरू होते. शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. कारण म्हसोबा, वेताळ, मारुती अशा नावांनी शेंदूर माखलेला दगड हा कित्येकदा कोणा राष्ट्रकूट वा चालुक्यकालीन वीराचे स्मारक असतो, आणि तो शेंदूर खरवडण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. छायाचित्र तिरप्या उन्हात, सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी घ्यावे; माथ्यावरच्या उन्हात झिजलेले अक्षर उठत नाही. कन्नड लिपी वाचता येणारा एक सोबती प्रत्येक तुकडीत असावा. दक्षिण सोलापूर व अक्कलकोट तालुक्यांत असा सोबती शोधावयास दूर जावे लागत नाही, वर्गातच पाठीमागच्या बाकावर तो बसलेला असतो.

पाहणीसाठी दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ सोयीचा. चैत्रानंतर या भागातील ऊन माणसाला दुपारी उभे राहू देत नाही. माचणूर व कुडल येथे मात्र जाण्यापूर्वी भीमेच्या पाण्याची चौकशी करावी. उजनीतून पाणी सोडलेले असले म्हणजे घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडतात आणि काठाच्या मातीत अर्धवट रुतलेले दगड दिसत नाहीत. पाणी उतरल्यानंतरच्या आठवड्यात ते धुऊन स्वच्छ झालेले सापडतात.